हेडफोनच्या पलीकडचा माणूस

रत्नागिरीची धावपट्टी मिरजोळ्याच्या सड्यावर आहे. विमानांच्या जगात तिचं नाव चार अक्षरी आहे, व्हीएआरजी. पहिलं अक्षर दक्षिण आशिया आणि शेजारच्या प्रदेशाचं, दुसरं मुंबईच्या हवाई विभागाचं, उरलेली दोन रत्नागिरीची. तिथे भारतीय तटरक्षक दलाचा तळ आहे. त्यांची डॉर्नियर विमानं आणि हेलिकॉप्टरं येतात-जातात. प्रवासी टर्मिनलचं घोडं अलीकडे कुठे पुढे सरकू लागलं आहे. एरवी मुंबईला निघालेला रत्नागिरीकर कोकण रेल्वे नाही तर एसटीची रातराणी धरतो.

तरीही एखाद्या रात्री मुंबईहून निघालेलं एटीआर विमान या धावपट्टीवर उतरतं. त्याचा वैमानिक नाचण्यातल्या आपल्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर, जॉयस्टिक धरून बसलेला असतो. त्याला मुंबईतून निघायची परवानगी देणारा कंट्रोलर असतो नाशिकला किंवा कोचीला, तोही घरातल्या टेबलाशी. त्याच्या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर हिरवट ठिपके आणि ठिपक्यांशेजारी अक्षरं-आकडे. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नसतं. एकाला पगार नाही, दुसऱ्याला तिकिटाचे पैसे नाहीत. पण बोलणं ऐकलंत तर वाटेल, सांताक्रूझच्या मनोऱ्यातलंच चाललं आहे. विमानाचं नाव, उंची, दिशा, चार आकडी संकेत. आणि प्रत्येक सूचना वैमानिकानं जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची.

या छंदाची दोन मोठी जाळी जगभर पसरली आहेत. एकाचं नाव व्हॅटसिम, दुसऱ्याचं आयव्हीएओ. कॉम्प्युटरवरचं विमान मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमधलं असो की एक्स-प्लेनमधलं, या जाळ्याला जोडलं की आकाश सगळ्यांचं एक होतं. मुंबईच्या धावपट्टीआधी तुमच्यापुढे चार विमानं उभी असली तर ती चारही कुणीतरी माणूस चालवत असतो, आणि तुम्हाला रांगेत थांबावंच लागतं.

मुंबईहून रत्नागिरीला किनाऱ्यानं यायचं तर हे आकाश फार सोयीचं आहे. अलिबाग, मुरूडचा जंजिरा, श्रीवर्धन, मग बाणकोटला सावित्रीचं तोंड. हर्णैचा सुवर्णदुर्ग, दाभोळला वाशिष्ठी, गुहागर, जयगडला शास्त्री नदी. गणपतीपुळे मागे पडलं की आरे-वारेचा वळसा, काळबादेवी, मिऱ्याचा डोंगर, आणि भगवती किल्ल्यावरचं दीपगृह दिसेपर्यंत चाकं खाली आलेली बरी. खाड्या मोजत आलं तर नकाशा उघडायची गरज नाही. रत्नागिरीला कंट्रोलर म्हणून बहुधा कुणी बसलेलं नसतं. मुंबईचा वरच्या पातळीवरचा 'कंट्रोल' चालू असेल तर त्याच्या हद्दीतले लहान विमानतळ त्याच्याकडेच येतात. तोही नसेल तर व्हॅटसिमवर १२२.८०० या फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत आणि काय करणार आहोत हे आपणच जाहीर करायचं आणि उतरायचं.

या छंदाविषयी कुणी लिहिलं की आधी चित्रांचं कौतुक होतं. २०२० सालच्या ऑगस्टमध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरनं उपग्रहचित्रांतून अख्खी पृथ्वी उभी केली, ढगसुद्धा खऱ्या हवामानाचे. कौतुक रास्त आहे. पण मला वाटतं, या घराण्याचा मूळ पुरुष शोधायचा तर चित्र बाजूला ठेवावं आणि आवाजाचा माग काढावा. कोकणात घराघरांतून कुलवृत्तांताचे जाडजूड ग्रंथ असतात. त्यांत एखादी शाखा देशावर गेली, तिसऱ्या पिढीत पुन्हा गावी आली, अशा नोंदी सापडतात. सिम्युलेटरच्या वंशावळीत तसंच काहीसं घडलं आहे. कंट्रोलरचा आवाज या घरात पहिल्यापासून होता. मधली काही वर्षं तो घराबाहेर पडला होता.

पहिली नोंद फ्रान्समधली. १९०९-१० च्या सुमारास अँत्वानेत कंपनीच्या उड्डाणशाळेत एक पिंप मधोमध कापून त्याच्या दोन अर्धुकांचं यंत्र केलं होतं. शिकाऊ वैमानिक वरच्या भागात बसायचा, आणि खाली उभे असलेले लोक ते पिंप हातांनी हलवायचे. विमान डावीकडे कललं असं समजायचं आणि बसलेल्यानं चाकं फिरवून ते सरळ करायचं. हसू येतं, पण व्यवस्था नीट पाहा: एक माणूस आत, एक बाहेर. बाहेरचा संकट निर्माण करतो, आतला त्यातून वाट काढतो.

हे काम यंत्रानं करायचं श्रेय एडविन लिंक या अमेरिकन माणसाचं. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावात त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. लिंकला विमान शिकायचं होतं आणि शिकवणी परवडत नव्हती. मग त्यानं कारखान्यात पडलेले ऑर्गनचे भाते घेतले. संगीत नाटकांच्या काळात आपल्याकडे रंगमंचासमोर जो पायपेटीचा ऑर्गन असे, त्यात पायानं भाता मारून हवा ओढून घेतली जाते आणि त्या ओढीनं पट्ट्या बोलतात. लिंकनं तीच ओढ लाकडी विमानाच्या पोटाखाली लावली. दांडा उजवीकडे नेला की उजवा भाता आवळतो आणि विमान कलतं. १९२९ साली त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. ते १९३१ साली मिळालं, तोवर त्याचं यंत्र जत्रेत पोचलं होतं, कारण ते विकत घेणारी मंडळी होती करमणुकीच्या बागांची.

१९३४ च्या फेब्रुवारीत चित्र बदललं. अमेरिकेच्या अध्यक्षांनी खासगी कंपन्यांचे हवाई टपालाचे करार रद्द करून ते काम लष्कराच्या वैमानिकांना दिलं. त्यांना ढगांत, फक्त यंत्रांकडे पाहून उडायची सवय नव्हती. काही आठवड्यांत अपघातांमागून अपघात झाले, वैमानिक मेले. त्यानंतर लष्करानं लिंकची सहा यंत्रं घेतली. पुढे महायुद्ध आलं आणि निळ्या रंगाच्या या डब्यांची संख्या दहा हजारांवर गेली. पाच लाखांच्या घरात वैमानिक त्यांत बसून शिकले.

या डब्यात चित्र नव्हतंच. शिकाऊ वैमानिक आत बसला की वरून झाकण बंद. समोर घड्याळासारख्या तबकड्या, कानाला हेडफोन, बस्स. शिक्षक बाहेर एका टेबलाशी बसायचा. टेबलावर नकाशा, आणि नकाशावर एक तीन चाकांचं लहानसं यंत्र. त्याला सगळे 'खेकडा' म्हणत. आतलं विमान जसं वळेल तसा हा खेकडा नकाशावर शाईची रेघ ओढत चालायचा. शिक्षकाच्या हातात मायक्रोफोन. तो कधी रेडिओ केंद्राचे मोर्स संकेत कानात सोडायचा, कधी विमानतळावरचा कंट्रोलर व्हायचा: अमुक उंचीवर या, तमुक दिशेला वळा, थांबा, अजून परवानगी नाही. आतल्याला बाहेरचं जग म्हणून एवढाच आवाज होता. नाशिकच्या टेबलाशी बसलेल्या त्या पोराचा हा थेट पणजोबा. ठिपक्यांचा पडदाही त्या नकाशातूनच निघाला, फक्त खेकडा गेला.

कंट्रोलरच्या बाजूचं घराणंही याच काळातलं. लंडनजवळच्या क्रॉयडनला १९२० साली पहिला नियंत्रण मनोरा उभा राहिला. अमेरिकेत सेंट लुईसला १९२९ साली आर्ची लीग नावाचा माणूस ढकलगाडीत दोन झेंडे, खुर्ची आणि उन्हासाठी छत्री घालून धावपट्टीच्या टोकाला बसू लागला. एक झेंडा 'चला', दुसरा 'थांबा'. १९३५ च्या अखेरीस न्यूअर्कला विमान कंपन्यांनी स्वतःच एक केंद्र उघडलं. तिथले लोक फळ्यावर खडूनं वेळा लिहीत आणि नकाशावर विमानांचे ठोकळे सरकवत. आकाशातली वाहतूक आधी अशी फळ्यावरची होती.

आपल्याकडे काय होतं? १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओच नव्हता. बोलणार कुणाशी? जुहूची धावपट्टी पावसाळ्यात चिखलात जायची, तेव्हा पुण्याहून विमानं चालवत. १९३५ साली टाटांनी मुंबईहून गोवा आणि कण्णूर करत त्रिवेंद्रमपर्यंत सेवा सुरू केली. कोकण किनाऱ्याच्या लांबीनं चाललेली ती पहिली हवाई टपालवाट. रत्नागिरीच्या लोकांनी मान वर करून ते विमान पाहिलं असेल. त्यातल्या वैमानिकाचा आधार मात्र वर दिल्या त्याच खाड्या आणि टेकड्या.

आता वंशावळीतली मला सर्वांत आवडती नोंद. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४ साली, अमेरिकन नौदलानं एमआयटी या संस्थेला विचारलं की एकाच यंत्रात कुठल्याही विमानाची नक्कल होईल असा सिम्युलेटर बनवता येईल का. जे फॉरेस्टर या तरुण इंजिनिअरकडे काम आलं. त्याच्या लक्षात आलं की भात्यांनी आणि मोटारींनी हे जमणार नाही, आकडेमोड करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र हवं, आणि तेही उत्तर विमान हलण्याच्या वेगानं देणारं. काम वाढत गेलं, खर्च वाढत गेला, आणि मध्येच विमान बाजूला पडून कॉम्प्युटर उरला. त्याचं नाव व्हर्लविंड. १९५१ च्या एप्रिलमध्ये या यंत्रानं रडारच्या खुणा घेऊन एका विमानाला दुसऱ्या विमानापर्यंत पोचवून दाखवलं. त्यातून अमेरिकेची सेज ही हवाई संरक्षणाची प्रचंड व्यवस्था झाली: अंधाऱ्या खोल्या, गोल पडदे, ठिपक्याशेजारी अक्षरं, आणि ठिपक्याकडे रोखायची प्रकाशाची बंदूक. नागरी कंट्रोलरच्या पडद्यानं पुढे यातलं बरंच उचललं.

म्हणजे घरच्या सिम्युलेटरचा आणि कंट्रोलरच्या पडद्याचा पूर्वज एकच. वैमानिकाला खोटं आकाश दाखवायला निघालेल्या कॉम्प्युटरनं कंट्रोलरला खरं आकाश दाखवलं. दोन शाखा फुटल्या आणि चाळीसेक वर्षं एकमेकींकडे गेल्या नाहीत.

घरगुती शाखेचं गाव इलिनॉय विद्यापीठ. तिथे प्लेटो नावाच्या जोडलेल्या कॉम्प्युटरांवर १९७४ च्या सुमारास 'एअरफाइट' नावाचा खेळ आला. वेगवेगळ्या खोल्यांतली पोरं एकाच आकाशात एकमेकांची विमानं पाडायची. त्याच विद्यापीठात ब्रूस आर्टविकनं १९७५ साली कॉम्प्युटरवर उड्डाणाचं चित्र उभं करण्यावर प्रबंध लिहिला. त्याच्या कंपनीचा सिम्युलेटर १९८० च्या आरंभी ॲपल टू वर आला, आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टनं तो आयबीएमच्या पीसीवर आणला. रेघांचे डोंगर, रेघांच्या इमारती, शिकागोचा मेग्ज फील्ड हा लहानसा विमानतळ. घरी विमान चालवणाऱ्यांची एक अख्खी पिढी तिथूनच पहिल्यांदा उडाली. शहराच्या महापौरांनी २००३ साली एका रात्रीत त्या धावपट्टीवर बुलडोझर घातला, तेव्हा शिकागो कधीही न पाहिलेले लोकही हळहळले.

या सगळ्यात दुसरा माणूस मात्र गेला. विमान घरी आलं, शिक्षक आला नाही. वैमानिक एकटा, हवा तिथे उतरणारा, कुणाला न विचारणारा. उलट्या बाजूनं १९८५ साली मायक्रोप्रोजचा 'केनेडी ॲप्रोच' आला. त्यात तुम्ही कंट्रोलर आणि सगळे वैमानिक कॉम्प्युटरचे, तेही बोलणारे. एकीकडे कंट्रोलर नसलेले वैमानिक, दुसरीकडे वैमानिक नसलेला कंट्रोलर. दोघांची गाठ घालायला टेलिफोनची तार लागली.

ती गाठ १९९७ साली पडली. ज्यो जॅवोर्स्कीनं मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरला जोडायचा स्क्वॉकबॉक्स हा प्रोग्रॅम लिहिला. जेसन ग्रूम्सच्या प्रोकंट्रोलरनं कंट्रोलरला घरबसल्या रडारचा पडदा दिला. दोन्ही इंटरनेटवरून एकाच सर्व्हरला जोडले जायचे. 'साटको' नावाची छांदिष्टांची संघटना उभी राहिली. १९९८ च्या अखेरीस तिच्यातून आयव्हीएओ वेगळी झाली आणि २००१ साली व्हॅटसिम स्थापन झाली. भावकी म्हटल्यावर वाटण्या आल्याच.

त्या सुरुवातीच्या दिवसांतली एक गंमत सांगण्यासारखी आहे. प्रत्येक विमानाची जागा सर्व्हरला दर पाच सेकंदांनी कळायची. वैमानिकाच्या खिडकीतून शेजारचं विमान त्यामुळे उड्या मारत चालल्यासारखं दिसे. कंट्रोलरची मात्र काही तक्रार नव्हती, कारण विमानतळाजवळच्या खऱ्या रडारचा अँटेनाही एक फेरी साधारण पाच सेकंदांत पुरी करतो. त्याचा पडदा अस्सल होता आणि वैमानिकाची खिडकी नकली. जाळं आधी कंट्रोलरच्या अंगाला बसलं, वैमानिकाच्या नंतर. खिडकीतल्या उड्या थांबायला बरीच वर्षं जावी लागली.

आवाजही लगेच आला नाही. सुरुवातीला सगळं टाइप करायचं. उतरताना एक हात दांड्यावर, दुसरा कीबोर्डवर, आणि कंट्रोलर विचारतोय उंची किती. मग रॉजर विल्को नावाच्या प्रोग्रॅमवर बोलणं सुरू झालं, तुटक, चिरकं. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं खुलं केलं होतं, पण ते टेलिफोनच्या तारेवरून, कॉलचे पैसे वेगळे. कोकणातल्या पावसात फोन आठ-आठ दिवस मुका असायचा त्या काळात रत्नागिरीहून मुंबईच्या आकाशात टिकून राहणं म्हणजे दैवाचा कौल. ब्रॉडबँड आलं तेव्हा कुठे इथला आवाज अखंड पोचू लागला. आजही वादळात गणित बिघडतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यावरून गेलं तेव्हा विजेचे खांब आडवे झाले, मग कसलं आकाश!

कॉम्प्युटर नसलेल्यांसाठी २०११ पासून फोनवर इन्फिनिट फ्लाइट आहे. त्यातही माणसं कंट्रोलर होतात, पण बोलत नाहीत; ठरलेल्या वाक्यांतून एक निवडून पाठवतात. बसमध्ये बसून करता येतं हे खरं. मला ते अळणी वाटतं.

बोलण्याचे हे नियम एवढे काटेकोर का, याचं उत्तर छंदात नाही, अपघातांत आहे. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. एका विमानानं परवानगी मिळाली असं समजून धाव घेतली होती. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. बाकी वेळी 'डिपार्चर'. आपल्या देशातला धडा १२ नोव्हेंबर १९९६ चा. हरियाणातल्या चरखी दादरीवर दिल्लीहून निघालेलं सौदी विमान आणि दिल्लीला येणारं कझाक विमान हवेत धडकलं, ३४९ जण मेले. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं आणि ते त्याखाली उतरत गेलं. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत त्या वैमानिकांचं इंग्रजी तोकडं पडल्याचंही पुढे आलं. त्यानंतर भारतात येणाऱ्या विमानांना धडक टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. व्हॅटसिमवर एखादा नवखा सूचना परत म्हणताना एक आकडा चुकतो आणि कंट्रोलर त्याला तीनदा म्हणायला लावतो, तेव्हा पाहणाऱ्याला ते खेळातलं सोवळं वाटतं. सोवळंच आहे ते, पण त्याला कारण आहे.

चार आकडी संकेताची गोष्टही युद्धातली. प्रत्येक विमान आपला संकेत रडारला पाठवतं, त्याला 'स्क्वॉक' म्हणतात. शत्रू-मित्र ओळखणाऱ्या यंत्राला ब्रिटिश हवाई दलानं पोपट असं टोपणनाव दिलं होतं, त्याचं हे ओरडणं. शून्य ते सात एवढेच आकडे चालतात, म्हणून एकूण ४०९६ संकेत. रेडिओ बंद पडला तर ७६००, संकट असेल तर ७७००. अपहरणाचा ७५०० व्हॅटसिमवर वापरायला बंदी आहे. नाटक किती करायचं याचीही मर्यादा ठरलेली आहे, हे मला त्या मंडळींचं शहाणपण वाटतं.

भारतात या छंदाला आणखी एक कंगोरा आहे. युरोप-अमेरिकेतले पुष्कळ छांदिष्ट साधा रेडिओ घेऊन विमानतळाचं खरं बोलणं ऐकत मोठे झाले. आपल्याकडे १९३३ सालच्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानं परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणंच गुन्हा केला. विमानतळाच्या कुंपणाशी दुर्बीण घेऊन उभं राहिलात तर पोलीस चौकशीला येतात. त्यामुळे रत्नागिरीच्या मुलाला कंट्रोलरची भाषा कानावर पडायची एक हक्काची जागा म्हणजे हे जाळं. खऱ्याची चव न घेता नकलेवरूनच तो खरं ओळखायला शिकतो. भारतीय उच्चारांतलं, आपल्या गतीनं चालणारं ते इंग्रजी त्याला इथेच पहिल्यांदा भेटतं.

आणि मुंबई हे शिकण्याचं ठिकाण म्हणून अवघड आहे. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी खऱ्या अर्थानं एकच वापरता येते. त्याच एका पट्टीवर २०१८ च्या जूनमध्ये एका दिवसात १००३ विमानं हाताळली गेली. तिथला सुमारे ८४ मीटर उंचीचा नवा मनोरा २०१४ च्या आरंभी कामाला लागला. घरी बसून मुंबईचा ॲप्रोच, म्हणजे उतरायला येणारी विमानं, सांभाळणाऱ्याला हे सगळं आकड्यांनिशी माहीत असतं. सणासुदीला जाळ्यावर एखादा कार्यक्रम ठरतो, दोन तासांत पन्नास विमानं येतात, आणि तो घाम पुसत एकेकाला समुद्रावर गोल फिरवत ठेवतो. २०२० साली २५ मार्चपासून दोन महिने देशातलं खरं प्रवासी आकाश रिकामं होतं. जाळ्यावरचं तेव्हा भरलेलं होतं, आणि घरी बसलेले काही खरे वैमानिक, खरे कंट्रोलरही त्यात होते.

यातून नोकरी मिळते का, हा प्रश्न प्रत्येक आई-वडील विचारतात. वैमानिकाच्या परवान्याला आज अर्ध्या कोटीच्या आसपास खर्च येतो आणि घरच्या सिम्युलेटरचा एक तासही नागरी विमान महासंचालनालय त्यात धरत नाही. कंट्रोलरचा रस्ता स्वस्त आहे: भौतिकशास्त्र-गणिताची पदवी किंवा इंजिनिअरिंग, विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा, मग प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्याच गोंदियातल्या संस्थेत प्रशिक्षण. त्या प्रशिक्षणात पडद्यावरची विमानं खोटी असतात आणि पलीकडे वैमानिक म्हणून बोलणारा माणूस दुसऱ्या खोलीत बसलेला असतो. लिंकच्या टेबलाची मांडणी फक्त उलटी झाली. व्हॅटसिमवर वर्ष काढलेला मुलगा तिथे गेला तर त्याला शब्द नवे नसतील, एवढंच म्हणता येईल. हजारो फूट उंचीवर खरी माणसं बसलेली असताना हात थरथरू न देणं हे निराळं शिक्षण आहे.

व्हॅटसिमचं स्वतःचं शिक्षणही हलकं नाही. आधी लेखी परीक्षा, मग एखादा जुना कंट्रोलर आपला वेळ देऊन शिकवतो, मग प्रत्यक्ष परीक्षा. पहिली पायरी जमिनीवरच्या विमानांची, मग टॉवर, मग ॲप्रोच, शेवटी वरचं अख्खं आकाश. शिकवणारे थोडे, शिकणारे पुष्कळ, म्हणून रांग महिनोन् महिने. कंट्रोलरची दुसऱ्या दिवशी परीक्षा असली की मुंबई बंद. फुकटाच्या सेवेत हे चालायचंच.

या तुटवड्यात वंशावळीची सगळ्यात नवी शाखा फुटली आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कंट्रोलर आले. बियाँडएटीसी, सेइंटेन्शन्स अशी त्यांची नावं. २००१ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनं आपल्या सिम्युलेटरमध्ये कॉम्प्युटरचा कंट्रोलर घातला होता, पण तो यादीतल्या वाक्यांचा बंदा होता. हे नवे मोकळं बोलतात, चुकीचं वाक्यही समजून घेतात, रात्री तीन वाजताही हजर. मला त्यांची पहिल्यांदा भीतीच वाटली: पुन्हा दुसरा माणूस घराबाहेर. पण वापरणारी मुलं वेगळंच सांगतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला मायक्रोफोनचं बटण दाबून अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोलायचं दडपण विमान उतरवण्यापेक्षा मोठं असतं. चुकलो तर सगळी फ्रिक्वेन्सी ऐकणार. म्हणून ती आधी यंत्रासमोर घसा साफ करून घेतात आणि मग जाळ्यावर जातात. लिंकच्या डब्यात लोक ढगांची भीती घालवायला बसत. ही मुलं बोलण्याची भीती घालवायला बसतात.

ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी १९९७ च्या टाइप करण्याच्या दिवसांतली एक सोय व्हॅटसिमनं अजून ठेवली आहे. उड्डाणाच्या आराखड्यात शेरा लिहायची जागा असते. तिथे दोन तिरक्या रेघांमध्ये 'टी' लिहिलं की कंट्रोलरला कळतं, हा फक्त लिहून बोलणार. आणि कितीही गर्दी असली तरी त्याला अशा वैमानिकाला टाइप करून उत्तर द्यावं लागतं. 'आर' लिहिलं तर हा ऐकेल पण बोलणार नाही. 'व्ही' म्हणजे आवाज. नवखा रत्नागिरीकर बहुधा 'टी' वर सुरू करतो, मग 'आर' वर येतो. 'व्ही' लिहायला कुणाला आठवडा लागतो, कुणाला दोन वर्षं.